हवं, पाहिजे, जोईए : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘पाहिजे बरोबर की हवं?’ या प्रश्नाला आम्ही थोडक्यात उत्तर दिलं होतं: दोन्ही बरोबर. ‘हवं’ लिंग-वचनाप्रमाणे बदलतं (चहा हवा, साखर हवी, दूध हवं, पेढे हवेत, वह्या हव्यात). ‘पाहिजे’ तसंच राहतं, फक्त अनेकवचनात ‘पाहिजेत’ होतं. त्यावर बडोद्यातून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रांचा सूर सारखाच आहे: मनात काय आहे ते ठाऊक असतं, पण गुजरातीत, हिंदीत, जर्मनमध्ये किंवा साध्या अर्जात ते सांगताना वाक्य वाकडं जातं.

सगळ्याच उत्तरांना उपयोगी पडेल असं एक आधी सांगतो. मराठीत इच्छेची चार वेगळी घरं आहेत. वस्तू हवी असते: मला चहा हवा. काम करायचं ठरलेलं असतं: मला जायचं आहे. नुसती लहर येते: मला जावंसं वाटतं. आणि कर्तव्य असतं: मी जायला हवं. दुसऱ्या भाषेत बोलताना शब्दाला शब्द शोधू नका. आपलं वाक्य या चारांपैकी कोणत्या घरातलं आहे ते आधी ओळखा आणि त्या भाषेत त्याच घराचं दार शोधा. बहुतेक चुका घर चुकल्यामुळे होतात.

लग्नानंतर साताऱ्याहून बडोद्याला आले. घरात मराठी, पण दूधवाले, किराणावाले, रिक्षावाले सगळे गुजराती बोलतात. ‘मने’ कुठे आणि ‘मारे’ कुठे, यात रोज अडते. ‘मने जवुं छे’ म्हटलं की लोक समजून घेतात, पण हसतात. (नवी बडोदेकर, दांडिया बाजार)

हसतात ते ‘मने’ला. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘मला’च असतं, म्हणून आपल्या कानाला फरक जाणवत नाही. गुजराती मात्र इथे दोन खाती ठेवते. जे तुम्हाला करायचं आहे किंवा करावं लागणार आहे, तिथे ‘मारे’: मारे जवुं छे (मला जायचं आहे), मारे दूध लेवुं छे (मला दूध घ्यायचं आहे), मारे जवुं पडशे (मला जावं लागेल). जे आपोआप होतं, मनात येतं, जाणवतं किंवा मिळतं, तिथे ‘मने’: मने गमे छे, मने भूख लागी छे, मने खबर छे, मने जवानुं मन थाय छे. बाकीच्या जोड्याही याच धर्तीवर चालतात: तारे-तने, तमारे-तमने, अमारे-अमने. ‘जोईए छे’ मात्र सैल आहे. पुस्तकात ‘मारे चा जोईए छे’ असतं, बोलताना ‘मने चा जोईए छे’ सर्रास ऐकू येतं. तिथे घाबरायचं कारण नाही.

नाव किंवा नातं आलं की मराठी माणूस हमखास फसतो तो ‘ने’पाशी. गुजराती ‘काकाने जवुं छे’ म्हणजे ‘काकांना जायचं आहे’. आपला कान ‘काकाने’ ऐकतो आणि काका कर्ते आहेत असं समजतो. गुजरातीत कर्त्याचा प्रत्यय ‘ए’ आहे: ‘काकाए जवुं जोईए’, म्हणजे ‘काकांनी जायला हवं’. पहिल्यात काकांची इच्छा, दुसऱ्यात काकांचं कर्तव्य. मराठीतही ही विभागणी अशीच आहे (काकांना जायचं आहे, काकांनी जायला हवं), फक्त प्रत्ययाचे आवाज उलटसुलट झालेत. सर्वनामात ‘एने जवुं छे’ आणि ‘एणे जवुं जोईए’. आठवडाभर हे एक जोडपं मुद्दाम घोळवा, अर्धा गोंधळ जाईल.

आता लिंग. ‘मला वही घ्यायची आहे, दूध घ्यायचं आहे’ यात क्रियापद वस्तूबरोबर बदलतं, तसंच गुजरातीतही बदलतं. अडचण अशी की वस्तूंची लिंगं जुळतीलच असं नाही. आपला चहा पुल्लिंगी, त्यांची चा स्त्रीलिंगी, म्हणून ‘मारे चा पीवी छे’. आपलं पीठ नपुंसकलिंगी, त्यांचा लोट पुल्लिंगी: ‘लोट लेवो छे’. आपली भाजी स्त्रीलिंगी, त्यांचं शाक नपुंसकलिंगी: ‘शाक लेवुं छे’. दूध, पाणी, तेल, पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगीच, त्यांची चिंता नको.

नकार तर पाठच करून टाका. ‘जोईए नथी’ असं कोणी म्हणत नाही. म्हणतात ‘नथी जोईतुं’, आणि तेही वस्तूप्रमाणे बदलतं: चा नथी जोईती, लोट नथी जोईतो. आपल्या ‘नको’सारखा एका घासात संपणारा शब्द गुजरातीत नाही. पाहुणचारात ‘ना, बस’ किंवा ‘रहेवा दो’ म्हणा. ते आपल्या ‘राहू द्या’सारखं मऊ आहे.

काळही पाहून घ्या. आत्ता हवं असेल तर ‘जोईए छे’. उद्या लागणार असेल तर ‘जोईशे’: ‘काले बे लिटर दूध जोईशे’. आणि ‘चालो, जोईए’ ऐकलंत तर कोणी काही मागत नाहीये. ते ‘चला, बघू या’ म्हणताहेत. ‘जोवुं’ म्हणजे पाहणे. आपलं ‘पाहिजे’ही ‘पाहणे’वरूनच आलं आहे, त्यामुळे हे कोडं मराठी माणसाला अवघड जाऊ नये.

दुकानात तर यातलं फार थोडं लागतं. दुकानदार विचारेल, ‘शुं आपुं?’ तुम्ही म्हणा, ‘अढीसो ग्राम तुवेरनी दाळ आपो ने.’ शेवटचा ‘ने’ विसरू नका, त्याने हुकमाची विनंती होते. ‘बीजुं कंई?’ आलं की ‘ना, बस एटलुं ज.’ रोजच्या व्यवहारात गुजराती माणूस ‘मारे जोईए छे’ कमीच म्हणतो, ‘आपो ने’ जास्त.

जाता जाता एक. शेजारणीने ढोकळा दिला आणि तुम्ही ‘मने ढोकळां गमे छे’ म्हणालात तर चूक नाही, पण कोरडं वाटतं. जिभेच्या आवडीला गुजरातीत वेगळं क्रियापद आहे: ‘मने ढोकळां बहु भावे छे’. ‘भाववुं’ फक्त खाण्यापिण्यासाठी. माणूस, गाव, साडी, गाणं यांना ‘गमवुं’. आपल्या ‘मनाला भावणं’शी याची गल्लत करू नका.

नातू म्हणतो, ‘माझं आइस्क्रीम खायचं मन करतंय.’ हे मराठी आहे का? टोकावं की सोडून द्यावं? (आजोबा, मांजलपूर)

‘मन करतंय’ हा हिंदी ‘मन कर रहा है’चा उतारा आहे. ‘खायचं मन होत नाही’ हे मात्र जुनं, घरचं मराठी आहे, आणि गुजराती ‘मन थाय छे’च्या शेजाराने बडोद्यात ‘मन होतंय’ आणखी घट्ट झालं. त्यामुळे नातवाने ‘मन होतंय’ म्हटलं तर टोकू नका. ‘मन करतंय’ला टोका, पण नुसतं टोकून भागणार नाही. त्या जागी काय म्हणायचं ते त्याच्या कानावर पडायला हवं.

त्या जागी आहे ‘खावंसं वाटतंय’. आम्हाला खरी काळजी या रूपाची आहे, कारण मुलांच्या बोलण्यातून ते झपाट्याने जातंय. लहर आणि बेत यांतला फरक मराठी या एका रूपावर पेलते. ‘मला खायचंय’ म्हणजे खाणार. ‘मला खावंसं वाटतंय’ म्हणजे जीभ खवळली आहे, खाईनच असं नाही. ‘मन करतंय’ ही जागा भरून काढतं खरं, पण मग ‘खावासा’, ‘खावीशी’ या रूपांची गरजच उरत नाही. घडण सोपी आहे. क्रियापदाचं ‘-आवा, -आवी, -आवं’ हे रूप घ्या, त्याला ‘-सा, -शी, -सं’ लावा आणि वस्तूशी जुळवा: आंबा खावासा वाटतो, पोळी खावीशी वाटते, आइस्क्रीम खावंसं वाटतं, लाडू खावेसे वाटतात. वस्तू नसेल तर नपुंसकलिंगी: झोपावंसं वाटतं, रडावंसं वाटतं. मुलं अडखळतात ती ‘खावीशी’पाशी. तिथे ती ‘पोळी खावंसं वाटतं’ म्हणतात. तेवढं प्रेमाने दुरुस्त करा. नियम सांगत बसू नका, प्रश्नच तसा विचारा: ‘काय रे, पुरी खावीशी वाटते की पोळी?’ उत्तरात तेच रूप परत येतं.

आई रुग्णालयात आहे. नर्स चांगल्या आहेत, पण गुजराती. आईला गुजराती समजतं, बोलता येत नाही. रात्री आम्हाला थांबू देत नाहीत. तिला काय हवं-नको ते कळावं म्हणून काही वाक्यं लिहून देता येतील का? (वाचक, रावपुरा)

जरूर द्या, आणि लेखी द्या. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घ्या. डावीकडे मराठी, उजवीकडे गुजराती वाक्य. दोन्ही भाषा त्यांच्या त्यांच्या लिपीत असू द्या, म्हणजे आई बोट ठेवेल आणि नर्स वाचेल. अक्षर मोठं, एका बाजूला पाच-सहा वाक्यांपेक्षा जास्त नकोत. रात्री कमी उजेडात आणि चष्म्याशिवाय गर्दीतून वाक्य सापडत नाही. पुठ्ठा दोरीने खाटेच्या कठड्याला बांधा. उशीखाली ठेवला तर चादर बदलताना जातो.

वाक्यं अशी. पाणी हवंय: पाणी जोईए छे. कूस बदलायची आहे: पडखुं फेरववुं छे. शौचाला जायचं आहे: संडास जवुं छे. थंडी वाजते: ठंडी लागे छे. दुखतंय: दुखे छे. मागच्या बाजूला एक माणसाचं चित्र काढा, म्हणजे कुठे दुखतं तिथे बोट ठेवता येईल. शेवटचं वाक्य ‘मुलाला फोन करा’: मारा दीकराने फोन करो ने. ‘मारे’ गाळलं तरी चालतं. खाटेवरचं माणूस स्वतःबद्दलच बोलतंय हे उघड असतं.

भुकेबद्दलची वाक्यं मात्र जपून लिहा. जुन्या पिढीतली मंडळी ‘अन्नावर वासना नाही’ म्हणतात आणि मराठीत ते अगदी सभ्य आहे. गुजराती आणि हिंदी कानाला ‘वासना’ म्हणजे फक्त कामवासना. नर्स गोंधळेल आणि आई उगाच ओशाळेल. भूक नसेल तर ‘भूख नथी लागती’. अन्न समोर आलं की नकोसं होत असेल तर ‘खावानुं भावतुं नथी’. आणि मराठीत आपण ‘मला खाववत नाही’ म्हणतो, म्हणजे खायची तयारी आहे पण घास जात नाही, त्याला ‘माराथी खवातुं नथी’. या तीन तक्रारी वेगळ्या आहेत आणि डॉक्टरांच्या दृष्टीने त्यांची कारणंही वेगळी असू शकतात. तिन्ही लिहा, त्यांतलं कोणतं ते आई दाखवील.

मराठी ग्रंथालयाला सभासदत्वासाठी अर्ज करायचा आहे. ‘मला सभासद व्हायचं आहे’ बालिश वाटतं. ‘मी इच्छुक आहे’ लिहू का? (वाचक, कारेलीबाग)

‘इच्छुक’ उमेदवारीच्या बातमीत बरा दिसतो. तुम्ही लिहा: ‘मी आपल्या ग्रंथालयाचा सभासद होऊ इच्छितो’ (स्त्री असल्यास ‘सभासद होऊ इच्छिते’). ‘होण्यास इच्छितो’ नको. ‘इच्छिणे’च्या आधी ‘-ऊ’ रूप येतं: करू इच्छितो, घेऊ इच्छिते. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याकडे मागताना ‘-आवा, -आवी, -आवं’ वापरा: ‘सभासदत्व मिळावे ही विनंती’, ‘दोन दिवसांची रजा मंजूर करावी’. इच्छा स्वतःची सांगायची असेल तर ‘इच्छितो’, मागणं समोरच्याकडे असेल तर ‘मिळावे’. एकाच वाक्यात दोन्ही कोंबू नका. ‘मिळावे अशी इच्छितो’ असं लिहिलेले अर्ज पुष्कळ येतात.

मुलगी जर्मनीत शिकायला जाणार आहे, फतेहगंजला वर्ग लावला आहे. शिक्षिका म्हणतात, ‘इश विल’ म्हणू नकोस, ‘इश म्योश्टे’ म्हण. पुस्तकात तर ‘विल’ म्हणजे ‘मला पाहिजे’ असं आहे. (पालक, अलकापुरी)

शिक्षिका आणि पुस्तक दोघंही बरोबर आहेत. ‘इश विल’ म्हणजे माझा निश्चय आहे. ‘मला डॉक्टर व्हायचंच आहे’ हे सांगायला तेच योग्य. पण कॉफीच्या दुकानात ‘इश विल आइनेन काफे’ म्हणजे लहान मुलाने पाय आपटून ‘मला पाहिजे’ म्हणावं तसं. तिथे ‘इश म्योश्टे आइनेन काफे, बिट्टे’ किंवा त्याहून खालच्या सुरात ‘इश हेटे गेर्न आइनेन काफे’. ‘म्योश्टे’ आणि ‘हेटे’ ही जर्मन क्रियापदांची संकेतार्थी रूपं आहेत, आपल्या ‘आवडेल’, ‘मिळाला तर बरं होईल’ या चालीची. प्रवेशासाठीच्या पत्रातही ‘म्योश्टे’च लिहायचं.

तीन ठिकाणी मराठी मुलं घसरतात. पहिलं, इंग्रजीच्या सवयीने ‘विल’ला भविष्यकाळ समजतात. जर्मन भविष्यकाळ ‘वेर्डे’ने होतो. ‘इश विल कॉमेन’ म्हणजे ‘मी येईन’ नव्हे, ‘मला यायचंय’. दुसरं, दुसरं क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं: ‘इश म्योश्टे इन डॉइचलांड श्टुडीरेन’. हे मराठीला सोयीचं आहे, कारण आपलंही क्रियापद शेवटीच असतं. मुलं उगाच इंग्रजीतून विचार करतात आणि ते मध्ये आणतात. तिसरं, मागितलेल्या वस्तूचं लिंग: कॉफी पुल्लिंगी म्हणून ‘आइनेन काफे’, पाणी नपुंसकलिंगी म्हणून ‘आइन वासर’. हवा-हवी-हवं करत वाढलेल्या मुलीला हे परकं वाटायला नको.

विनंतीसाठी भूतकाळ वापरण्याची खोड मात्र सगळीकडे सापडते. जर्मन माणूस ‘इश वोल्टे फ्रागेन’ (मला विचारायचं होतं) म्हणतो, इंग्रज ‘आय वॉन्टेड टू आस्क’, गुजराती ‘मारे एक चोपडी जोईती हती’, आणि आपण दुकानात उभं राहून ‘एक वही हवी होती’ म्हणतो. वही आत्ताच हवी असते. इच्छा एक पाऊल मागे, कालच्या दिवसात ढकलली की समोरच्याला नकार द्यायला जागा मिळते, आणि तीच सभ्यता. मुलीला हे मराठीतून समजावा, ‘वोल्टे’ कायमचं लक्षात राहील.

हालोलकडच्या कारखान्यात नोकरी आहे. जपानी साहेब येतात. थोडं जपानी शिकून ‘ओच्या ओ नोमिताई देस का?’ (चहा प्यायचाय का?) असं विचारलं तर सहकाऱ्याने अडवलं. व्याकरण तर बरोबर आहे! (वाचक, गोत्री)

व्याकरण बरोबर, रीत चूक. जपानीत क्रियापदाला ‘-ताई’ लावलं की ‘करावंसं वाटतं’ होतं: नोमिताई (प्यावंसं वाटतं), इकिताई (जावंसं वाटतं). वस्तूसाठी ‘होशी’ आहे. पण ही दोन्ही रूपं मनाच्या आतली आहेत. स्वतःबद्दल बिनधास्त वापरा. वडीलधाऱ्याला त्याच्या मनातली इच्छा थेट विचारणं मात्र आगाऊपणा ठरतं. चहासाठी ‘ओच्या वा इकागा देस का’ म्हणा, म्हणजे ‘चहा कसा वाटेल?’ बरोबरीच्या माणसाला ‘ओच्या, नोमिमास का’ (चहा घेणार?) चालतं.

तिसऱ्या माणसाची इच्छा सांगतानाही जपानी भाषा सावध असते. ‘त्याला जायचंय’ हे ‘इकिताई’ने सरळ सांगत नाहीत, कारण त्याच्या मनात कोणी शिरलेलं नाही. ‘इकितागात्ते इरु’ म्हणतात, म्हणजे जायची इच्छा त्याच्या वागण्यातून दिसते आहे. कारखान्यात याचा उपयोग आहे: ‘कामगारांना सुट्टी हवी आहे’ हे साहेबांना सांगायचं असेल तर ‘होशी देस’ तुमच्या तोंडी तुमचीच मागणी होईल. ‘होशीगात्ते इमास’ म्हणा. आणि साहेबांनी थांबावं असं वाटत असेल तर ‘थांबायला हवे आहात’ अशा वळणाचं ‘मात्ते होशी’ वरच्या माणसाला चुकूनही नको. ‘मात्ते इतादाकेमास का’ (थांबण्याची कृपा कराल का) हे वाक्य एकदा पाठ केलं की दुसरं कोणतंही क्रियापद त्यात घालता येतं. ते चहा घेत नसतील तर ‘केक्को देस’ म्हणतील. तो नकार आहे, पुन्हा आग्रह करू नका. आपल्याकडे तिसऱ्या आग्रहाला कप उचलतात, तिथे तसं नाही.

एका गुजराती मुलीवर जीव जडला आहे. ‘तू मला हवी आहेस’ हे गुजरातीत कसं सांगू? (वाचक, वय २३)

तसं सांगूच नका. ‘तुं मने जोईए छे’ हे वस्तू मागण्याचं वाक्य आहे; मराठीतही ‘हवी आहेस’ फार पुढच्या जवळिकीत शोभतं. सुरुवात ‘तुं मने बहु गमे छे’ने होते. त्यात दबाव नाही, तिला हसून विषय बदलता येतो. ‘हुं तने चाहुं छुं’ ही पुढची पायरी. गुजरातीत ‘चाहवुं’ म्हणजे प्रेम करणं, हिंदी ‘चाहना’सारखी साधी इच्छा नव्हे. म्हणून ‘तू यावंस असं वाटतं’ हे ‘तुं आवे एवी मारी इच्छा छे’ असं म्हणा. ‘हुं चाहुं छुं के’ हे हिंदीतून आलेलं वळण आहे आणि तुमच्या तोंडी भलत्या वेळी भलता अर्थ देईल. पत्र लिहिणार असाल तर मराठीतच लिहा. बडोद्याची आहे, समजेल तिला.

पिपासा, जिज्ञासा, मुमुक्षा, शुश्रूषा हे शब्द एकाच साच्यातले वाटतात. साचा कोणता? आणि शुश्रूषेत कोणता उकार दीर्घ? (निवृत्त शिक्षिका, मकरपुरा)

संस्कृतात ‘करण्याची इच्छा’ सांगायला वेगळा शब्द लागत नाही, धातूच बदलतो. या रूपाला सन्नन्त म्हणतात, म्हणजे धातूला ‘सन्’ प्रत्यय लागलेलं. आधी धातूचा पहिला अवयव दुप्पट होतो, मग शेवटी ‘स’ येतो (बऱ्याचदा तो ‘ष’ होतो किंवा ‘क्ष’त मिसळतो). पा (पिणे) पासून पिपासा, ज्ञा पासून जिज्ञासा, मुच् (सुटणे) पासून मुमुक्षा, भुज् (जेवणे) पासून बुभुक्षा, वच् पासून विवक्षा, युध् पासून युयुत्सू. दुप्पट होताना ‘भ’चा ‘ब’ होतो, ‘अ’चा ‘इ’ होतो, म्हणून ‘पपासा’ नाही, ‘पिपासा’.

शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा, धातू ‘श्रु’. सांगणाऱ्याचं ऐकायला जो तत्पर तो सेवा करतो, म्हणून अर्थ सेवेकडे गेला. पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ: शु-श्रू-षा. धातूच्या शेवटी स्वर असेल तर ‘सन्’पुढे तो दीर्घ होतो. म्हणूनच जि पासून ‘जिगीषा’त ‘गी’, आणि कृ पासून ‘चिकीर्षा’त ‘की’. मुच् व्यंजनान्त, म्हणून मुमुक्षेत दोन्ही उकार ऱ्हस्व. दवाखान्याच्या पाट्यांवर ‘सुश्रुषा’, ‘शुश्रुषा’ दोन्ही चुका दिसतात. ‘जिज्ञासू’, ‘मुमुक्षू’ मराठीत सुटे लिहिताना शेवट दीर्घ, समासात ऱ्हस्व: जिज्ञासुवृत्ती, मुमुक्षुजन. ‘चिकित्सा’, ‘मीमांसा’, ‘जुगुप्सा’ दिसायला याच कुळातले, पण त्यांत इच्छेचा अर्थ नाही. पाणिनीने त्यांची सोय वेगळ्या सूत्रांत केली आहे.

पाणिनीचं इच्छेचं सूत्र (अष्टाध्यायी ३.१.७) एक अट घालतं: इच्छा करणारा आणि काम करणारा एकच हवा. ‘पिपासा’ म्हणजे मला स्वतःला प्यायचं आहे. ‘त्याने प्यावं’ ही इच्छा या रूपात बसत नाही. मराठीनेही हीच अट पाळली आहे. स्वतःसाठी ‘मला जायचं आहे’, दुसऱ्यासाठी ‘त्याने जावं असं मला वाटतं’. इंग्रजी वाक्याच्या वजनाने ‘मला तू डॉक्टर व्हायला पाहिजे’ असं पालक बोलतात तेव्हा नेमकी ही अट मोडते. ‘तू डॉक्टर व्हावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हणा. निदान इच्छा कोणाची आणि शिकायचं कोणी, हे मुलाला स्वच्छ कळतं.

‘उद्या दोन लिटर दूध पाहिजेल’ हे चूक का? सगळे म्हणतात. (वाचक, वाडी)

बोलण्यात चालतं, छापायला नको. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप आहे, ‘म्हणिजे’वरून आलेल्या ‘म्हणजे’च्या पंगतीतलं. ते आधीच पूर्ण क्रियापद असल्याने त्याला पुन्हा भविष्यकाळाचा ‘ल’ चिकटवायला लेखनात मान्यता नाही. ‘पाहिजे असेल’ म्हणता येतं, पण त्याहून सरळ ‘लागेल’ आहे: ‘उद्या दोन लिटर दूध लागेल.’ गुजराती दूधवाल्याला तेच ‘काले बे लिटर दूध जोईशे’.